पिवळे डोळे आणि बुडालेला खाडा

"पितोस काय रे?"

लिव्हर बिघडलेला कामगार दवाखान्याच्या टेबलाशी उभा राहिला की पहिला प्रश्न हा येतो. प्रश्न चुकीचा नाही, डॉक्टरने विचारलाच पाहिजे. पण पांढरपेशाला तो 'आपण कधी घेता का?' असा येतो आणि आपल्याला अरे-तुरेत. नाही म्हटलं तर खोटारडा. हो म्हटलं तर केस तिथंच निकालात, मयत स्वतःच आरोपी.

मित्रांनो, या अंकाचं संपादकीय कवितेवर लिहायचं होतं. ते राहू द्या. कवी लोक काळीज म्हणत छातीवर हात ठेवतात. खाटकाकडं काळीज मागा, तो लिव्हर तोलून देतो. खाटीक बरोबर आहे. आपण त्याच काळजाबद्दल बोलू.

लिव्हर दारूनं सडतं हे खरं. पण ते हेपटायटिस बी आणि सी या विषाणूंनीही सडतं. हे विषाणू एकदा वापरलेल्या सुईतून जातात, न तपासलेल्या रक्तातून जातात, बाळंतपणात आईकडून पोराकडं जातात. 2009 साली गुजरातेत मोडाशाच्या बाजूला वापरलेल्या सुया पुन्हा टोचल्या गेल्या, बी पसरला आणि माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. त्यांना कुणी विचारायचं, पितोस काय रे?

हा आजार वर्षानुवर्षं गप्प बसतो. बोलतो तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं, पाय सुजलेले, डोळे पिवळे. वस्ती म्हणते कावीळ. गळ्यात माळ घाला, चुन्याच्या पाण्यात हात धुवा. पाणी पिवळं होतं, सगळे खूश, लिव्हर होतं तिथंच. सुशिक्षित लोक याला अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडतात. मला वेगळंच दिसतं. माळवाला संध्याकाळी भेटतो, कामावरून सुटल्यावर. सरकारी ओ.पी.डी. सकाळी असते, खाडा केल्याशिवाय भेटत नाही. करंजाड्यातून जे.जे.ला निघायचं म्हणजे पनवेल स्टेशनपर्यंत रिक्षा, मग हार्बरची लोकल, सँडहर्स्ट रोडला उतरून पुढं चालत. एक दिवस नंबरात आणि रक्त द्यायला, दुसरा रिपोर्टला. दोन खाडे. इथं शेजारी 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं. आपल्या पेशंटचा रस्ता अजून हार्बर लाइनचाच.

पुढं पथ्य. सिरॉसिसच्या माणसाला सांगतात, मीठ कमी कर, अंडी-डाळी खा, फार वेळ उपाशी राहू नको, रात्री झोपताना काहीतरी पोटात टाक. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. खराब लिव्हरला साठा करता येत नाही. एका रात्रीच्या उपासात त्या अंगाची जी दशा होते ती धडधाकट माणसाची दोन-तीन दिवस उपाशी राहून होते. मग शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं. आता हे गोदीत रात्रपाळी करणाऱ्याला सांगा. आम्हाला पाळीत मिळतो वडापाव. घरी सुकट, खारा बोंबील. स्वस्त म्हणून आणतो आणि त्यात मीठच मीठ. पाणी चढतं. सुईनं काढतात. पुन्हा चढतं. ज्या दंडावर बोजा उचलायचा तो दंडच आतून खाल्ला जातो, आणि मुकादम म्हणतो, हा कामचोर झालाय.

म्हणाल, कायदा आहे ना? आहे. ज्याच्या पगारातून ई.एस.आय. कापला जातो त्याला आजारपणात वर्षाला 91 दिवस 70 टक्के मजुरी मिळते. त्याहून मोठी गोष्ट, लांबच्या आजारांची एक यादी आहे आणि पोटात पाणी झालेला सिरॉसिस त्या यादीत आहे. त्यात 80 टक्के मजुरी मिळते, दोन वर्षांपर्यंत. वाचून मी उडालोच. मग अट वाचली. दोन वर्षं सलग नोकरी पाहिजे. ठेक्यावरचा माणूस सलग दोन वर्षं? ठेकेदार मधे खंड पाडतो, नवं नाव लावतो, कापलेले पैसे भरतो की गिळतो कळत नाही. कागदावर आपण दर वेळी नवे जन्मतो. आजार मात्र जुनाच असतो.

आखातात जायचं म्हणून पोरं कर्ज काढतात. मेडिकलमध्ये बी किंवा सी निघाला की शिक्का, अनफिट. एच.आय.व्ही.वाल्यांना भेदभावाविरुद्ध 2017 चा कायदा तरी आहे, बीवाल्याला तसा काहीच नाही. आणि घरात? घरात ताट वेगळं होतं. बी एका ताटात जेवून होत नाही, हातात हात घेऊन होत नाही. तरी ताट वेगळं, पेला वेगळा. वेगळं ताट काय असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको, आणि आपल्याच चुलीपाशी आपण ते मांडतोय.

आता दारू. तिला मी टाळणार नाही. नवसागराची हातभट्टी असो नाहीतर परवान्याची बाटली, तिचं समर्थन या पानावर होणार नाही. पण हिशेब दोन्ही बाजूंचा मांडा. या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे. जून 2025 मध्ये याच राज्यानं दारूवरचे कर वाढवले, वर्षाला आणखी 14,000 कोटी मिळतील म्हणून. आमच्या लिव्हरमधून तिजोरी भरते आणि शरम फक्त आमच्या वाट्याला. पिणारा का पितो याची भाषणं पुरे झाली. ओझ्यानं पाठ ठणकते, झोप येत नाही, घरी उजेड नाही, आणि नाक्यावर दुकान उघडं आहे.

28 जुलै 2018 पासून बी आणि सीची तपासणी आणि गोळ्या सरकारी कार्यक्रमात फुकट आहेत. सी बहुतेकांचा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बीला रोज एक गोळी, अनेकदा जन्मभर, पण लिव्हर वाचतं. बीची लस देशभर 2011 पासून पोरांना मिळते; आपली पिढी त्याआधीची, म्हणजे आपणच तपासून घ्यायचं. हे वस्तीत कुणी सांगितलं? प्रस्थापितांचे पेपर लिव्हर साफ करणाऱ्या काढ्यांच्या जाहिराती छापण्यात गुंग आहेत.

म्हणून या महिन्यापासून दर रविवारी संध्याकाळी आम्ही करंजाड्याच्या नाक्यावर बसतोय. येताना ई.एस.आय.चा नंबर आणा. ठेकेदार बदलला तरी तो तुमचाच राहतो. पगाराच्या चिठ्ठ्या आणा, जुने रिपोर्ट आणा. खंड कुठं पाडला ते तारखेसकट लिहून काढू आणि त्या कागदांसह साहेबाच्या टेबलावर जाऊ. कुणी पिऊन आला तर त्यालाही सतरंजीवर जागा द्यायची, आणि चहा त्याच कपात.