मोह कोणाचा, शिक्षा कोणाला?

घराच्या ओढीचा विषय निघाला की ओडिसियसचं नाव आदराने घेतलं जातं. मला हा आदर पटत नाही. होमरचं महाकाव्यच उघडून पाहा. लोटसचं गोड फळ खाऊन तीन खलाशी घर विसरले, तेव्हा ओडिसियसने त्या रडणाऱ्यांना ओढत आणून जहाजात बाकांखाली बांधलं. स्वतः मात्र सर्सीच्या वाड्यात वर्षभर खाण्यापिण्यात रमला! त्याला इथाकाची आठवण करून दिली ती खलाशांनीच. त्यांच्यातला एकही घरी पोचला नाही.

कॅलिप्सोच्या बेटावर ७ वर्षं काढली, किनाऱ्यावर बसून रडला, हे मान्य. पण ती आता त्याला आवडेनाशी झाली होती, असं कवीच सांगतो. म्हणजे आधी आवडत होतीच की!

आणि घरी परतल्यावर? पेनेलोपीला मागणी घालणाऱ्यांसोबत झोपल्या म्हणून १२ दासींना मारायचा हुकूम याने दिला. दोर बांधून फाशी दिली मुलाने, टेलेमाकसने. त्या पुरुषांना मारण्याआधी ओडिसियसनेच त्यांच्यावर आरोप केला होता, की तुम्ही माझ्या दासींवर जबरदस्ती केलीत.