शिवरस्ता मोकळा, तरच गोल फेरी

रामशेजवर फिरायला येणारे वरून दिंडोरीकडच्या द्राक्षबागा बघतात अन् आल्या वाटेनं परत जातात. किल्ला, झाडीचा डोंगर, मग बागांमधून वळसा, अशी फेरी का नको? पण वाट पाहिजे ना! कित्येक ठिकाणी बांध कोरून कोरून शिवरस्त्याचा बोळ झालाय. काढणीला तिथं ट्रॅक्टर जात नाही, क्रेट डोक्यावर वाहावे लागतात. म्हणजे वाट पाहुण्याआधी आपल्याला हवी. वाट नव्यानं अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली सहा महिन्यांत तहसीलदाराकडे अर्ज करा. त्याआधी शेजाऱ्याशी बोला. पाहुण्यांनीही फवारणी झालेल्या बागेतला घड तोडून खाऊ नये. तुमच्या शिवारात वाट उरलीय का?