चेहऱ्याचं भाडं

अंधेरीत वर्सोव्याजवळ आरामनगर आहे. जुन्या बैठ्या बंगल्यांची वसाहत. त्यातल्या कितीतरी बंगल्यांत आता कास्टिंगवाले बसतात. दाराशी पोरापोरींची रांग, प्रत्येकाच्या सॅकमध्ये एक इस्त्रीचा शर्ट आणि एक कुर्ता जास्तीचा. आत गेलं की कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, डावी बाजू दाखवायची, उजवी दाखवायची, मग हात पुढे करून आधी तळवे आणि नंतर मागची बाजू. पुष्कळांची पाळी इथवरही येत नाही. दारातला असिस्टंट एक नजर टाकतो आणि म्हणतो, "नॉट फिट." त्याच्या मनात काही नसतं. त्याला आईच्या भूमिकेला बाई हवी असते आणि समोरची ताई दिसते, एवढंच.

जाहिरात संस्थेत नोकरी करताना मी या दाराच्या आतल्या बाजूला बरीच बसले आहे. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाला मॉडेलिंग 'फुलटाइम' करायचं मनात आलं की फोन मला येतो. यंदाचा फोन घरातलाच होता. माझी भाची हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि सुट्टीच्या दिवशी शूट करते. पैठणी, खण, नथ, ठुशी. मराठी नवरीचा चेहरा म्हणतात तो तिला लाभलाय, आणि पुण्यात त्याला मागणी आहे. सुट्टीतल्या एका दिवसाच्या कमाईला तिने महिन्याच्या दिवसांनी गुणलं आणि आकडा पगाराच्या वर गेला. "मावशी, आकड्यात चूक काढून दाखव," म्हणाली.

गुणाकार बरोबरच होता. पण हे काम गुणाकाराने वाढत नाही.

हंगामाचंच घ्या. साड्या-दागिन्यांच्या जाहिराती गणपती ते दिवाळी, मग लग्नसराई, मग पाडवा आणि अक्षय्य तृतीया. शूट त्याच्या महिना-दोन महिने आधी. मधे कोरडा काळ. नोकरी असली की तो जाणवतसुद्धा नाही, उलट रविवारी झोप मिळाली म्हणून बरं वाटतं. नोकरी सोडल्यावर तोच काळ घरभाड्याच्या तारखेसारखा अंगावर येतो.

मग बारा महिने चालणारं काम कुठलं? ऑनलाइन दुकानांचं कॅटलॉग. पूर्णवेळ मॉडेलची चूल बहुतेक त्यावर पेटते, रॅम्पवर नव्हे. रॅम्पला मुलींची उंची साधारण पाच फूट आठ इंचांच्या पुढे लागते. माझी भाची तिथे टाचा उंचावूनही पोचत नाही, तेव्हा तो प्रश्न निकालात निघाला. कॅटलॉगचं शूट मात्र एकदा जाऊन पाहावं असं असतं. मागे पांढरा पडदा, जमिनीवर चिकटपट्टीची खूण, तिच्यावर उभं राहायचं. ब्लाऊज एकाच मापाचे आलेले, म्हणून पाठीला काळ्या चिमट्यांची रांग. समोरून बेतलेलं दिसतं, मागून चिमट्यांची वाळवण. साडीच्या निऱ्या आधीच घालून, पिना लावून तयार ठेवलेल्या. समोरून, मागून, बाजूने, पदर पसरून, काठाचा क्लोजअप. झालं, पुढची. एका शिफ्टमध्ये चाळीस-पन्नास कपडे अंगावरून जातात. जानेवारीत उन्हाळी कॉटन आणि मे महिन्यात लोकरीचं जाकीट, वर हसू प्रत्येक फोटोत ताजं. हे मेहनतीचं काम आहे आणि त्यात मानही आहे. पण फोटोत पुष्कळदा हनुवटीच्या वरचा भाग कापलेला असतो, म्हणजे काम करूनही नाव होत नाही.

आता हिशेब. समजा, शिफ्टचे पंधरा हजार आणि महिन्यात आठ शिफ्ट. एक लाख वीस हजार. एजन्सी वीस टक्के घेणार, उरले शहाण्णव हजार. त्यातून टीडीएस कापला जाणार. मुंबईला जाणं-येणं, राहणं, केस, त्वचा, जिम आपल्या खिशातून. पीएफ नाही, आरोग्य विमा आपला आपण. आणि पैसे हातात पडणार तीन महिन्यांनी. वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी, ते सुख वेगळंच. भाचीचे बाबा, म्हणजे आमचे भावोजी, यांनी मुलगी मॉडेलिंग करते यावर कधी हरकत घेतली नाही. त्यांनी फक्त "पीएफचं काय?" एवढंच विचारलं. घरात सगळे हसले. मला मात्र तो अख्ख्या चर्चेतला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटला.

पण खरी अडचण पुढे आहे. नोकरीत एक काम चांगलं केलं की दुसरं मिळतं. इथे एक चांगलं काम मिळालं की चार कामं बंद होतात. ऑडिशनच्या फॉर्मवरच प्रश्न असतो: या प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडची जाहिरात केली आहे का? धंद्यात याला 'कॉन्फ्लिक्ट' म्हणतात. लक्ष्मी रोडवरच्या एका सराफाच्या होर्डिंगवर तुमचा चेहरा लागला की बाकीच्या पेढ्या तुमच्याकडे पाहत नाहीत. त्यांचं बरोबरच आहे, एकच नवरी दोन दुकानांची नथ घालून कशी उभी राहील? होर्डिंग जितकं मोठं, तितके दिवस तुम्ही गुंतलात. हौशी मॉडेलचं यात काही बिघडत नाही. ती दिवस विकते, पैसे घेते, सोमवारी ऑफिसला जाते. पूर्णवेळवालीला, न मिळणाऱ्या कामांचे पैसेही त्याच बिलात लावावे लागतात. दर दिवसाचा ठरतो आणि माल जातो वर्षाचा. हे जिला उमगलं ती टिकते. दिसायला सुंदर पण हे न उमगलेल्या मुली मी तिशीच्या आत परत जाताना पाहिल्यात.

म्हणून मी भाचीला म्हटलं, दर राहू दे, करार दाखव. तिने फोनवर पाठवला. दीड पान. वापराच्या कलमात 'सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी' असे शब्द होते आणि खाली तिची सही. आपल्याकडे वन बीएचके भाड्याने द्यायचा तर अकरा महिन्यांचा करार होतो, डिपॉझिट घेतात, पोलिस पडताळणी होते, भिंतीला खिळे ठोकू नका असंही बजावतात. चेहरा मात्र एका दिवसाच्या पैशांत जन्मभरासाठी देऊन टाकायचा! मोठ्या कामात मुदत वर्षाची किंवा दोन वर्षांची असते, माध्यमं एकेक लिहिलेली असतात, पुढे वापरायचं तर पुन्हा पैसे. लहान दुकानदाराला हे ठाऊक नसतं. त्याने कुठूनतरी मसुदा उचललेला असतो, आणि विचारलं तर पुष्कळदा तो बदलूनही देतो. विचारतच कुणी नाही.

त्या 'सर्व माध्यमांत'चा अर्थ हल्ली आणखी पसरलाय. एच अँड एमने मार्च २०२५ मध्ये तीस मॉडेल्सच्या डिजिटल प्रतिकृती करायचं जाहीर केलं, प्रतिकृतीचे हक्क मॉडेलकडेच राहतील असंही सांगितलं. न्यूयॉर्क राज्यात जून २०२५ पासून फॅशन वर्कर्स ॲक्ट लागू आहे. त्यानुसार अशी प्रतिकृती वापरायला मॉडेलची लेखी संमती हवी, आणि तिच्यात कशासाठी, किती दिवस, किती पैशांत हे स्पष्ट हवं. आपल्याकडे मॉडेलसाठी असा वेगळा कायदा नाही. अनिल कपूर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि आपला चेहरा, आवाज परवानगीशिवाय वापरण्याला मनाई मिळवून आले. ते अनिल कपूर आहेत. कॅटलॉगमधल्या मुलीकडे कोर्टात दाखवायला ते दीड पानच असतं. आणि यंत्राने आधी गिळायचं तर नेमकं कॅटलॉगच गिळेल: पांढरा पडदा, ठरलेल्या चार पोझ, हनुवटीपासून खाली. बारा महिन्यांची चूल ती हीच, म्हणून मला या व्यवसायातल्या नवख्यांची काळजी वाटते.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे मिलिंद सोमण. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला, राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, ओघाने मॉडेलिंगमध्ये आला आणि १९९५च्या 'मेड इन इंडिया' या गाण्याच्या व्हिडिओने घराघरात पोचला. किंवा मधु सप्रे. मैदानावरची मुलगी, १९९२ची मिस इंडिया, त्याच वर्षी बँकॉकला मिस युनिव्हर्समध्ये तिसरी. शेवटच्या प्रश्नाला तिने क्रीडासंकुल बांधीन असं उत्तर दिलं, त्यावर अजून वाद होतात. मला ते उत्तर आवडतं. पण ही माणसं आली तेव्हा बाजार उघडत होता आणि चेहरे मोजके होते. आज प्रत्येकीच्या खिशात कॅमेरा आहे. त्यांच्याकडून घ्यायचंच तर एवढं घ्यावं की दोघांकडे मॉडेलिंगबाहेरचं काहीतरी होतं, अंगात मुरलेलं.

पोर्टफोलिओवर लाखभर खर्च करायचा का, हा भाचीचा पुढचा प्रश्न. नाही. चांगल्या एजन्सीला साध्या टी-शर्टमधले, मेकअप न केलेले, खिडकीच्या उजेडातले फोटो चालतात. जी आधी नोंदणीचे पैसे मागते ती एजन्सी नव्हे. वसुलीबद्दलही सांगितलं. लहान उद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्यानुसार 'उद्यम' नोंदणी असलेल्या लहान सेवा पुरवठादाराचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. नोंदणी फुकट होते. कायद्यावर बोट ठेवणाऱ्या मुलीला पुढच्या वेळी बोलावतील का, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही.

भाचीने करार परत पाठवला. 'कायमस्वरूपी' खोडून 'एक वर्ष' लिहिलं आणि खाली एक ओळ वाढवली: कृत्रिम प्रतिमा तयार करायची नाही. दुकानदाराने थोडे पैसे कमी केले आणि सही केली. आता तिने मुंबईच्या एका एजन्सीला साधे फोटो पाठवलेत आणि ऑफिसात आठवड्याचे तीन दिवस काम करू देता का, असं विचारलंय. भावोजींनी परवा जेवताना विचारलं, "मग राजीनामा कधी?"

"बाबा, कंपनीचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा," ती म्हणाली, "आणि दिवाळीच्या शूटचे पैसेही नव्वद दिवसांनी. ते आले की बोलू."