बाटली गेली, थिनर राहिला

आजोबांची सागवानी आरामखुर्ची गेल्या पावसाळ्यात ओल धरून पांढरट पडली. तिला पुन्हा फ्रेंच पॉलिश करायचे म्हणजे लागते काय? थोडी चपडा लाख, मलमलीत बांधलेला कापसाचा बोळा आणि लाख विरघळवायला स्पिरिट. लाख मिळाली, मलमल घरात होती. स्पिरिटसाठी रसायनांच्या एका दुकानात गेलो, तर गल्ल्यावरून प्रश्न आला, ‘‘कंपनीचं लेटरहेड आणलंय का?’’ म्हटले, कंपनी नाही, खुर्ची आहे. ‘‘मग नाही जमणार, काका. अर्धा लिटर-एक लिटर आम्ही देत नाही.’’

परतताना कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात चौकशी केली. तिथल्या पोराने एक शब्द न विचारता पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थिनर ओतला आणि बूच पिळून माझ्या हातात दिला. यात काय काय आहे, असे मी विचारले. ‘‘थिनर आहे ना!’’ तो म्हणाला.

या दोन दुकानांच्या मधल्या शंभर पावलांत सगळा प्रश्न सामावला आहे. ज्या द्रवाला नाव आहे, ज्याच्या बाटलीवर घटक आणि धोक्याची खूण छापलेली आहे, तो सामान्य गिऱ्हाइकाला मिळेनासा झाला आहे. ज्याला धड नाव नाही, तो पाण्याच्या बाटलीतून घरोघर जातो आहे. आणि या उलट्या कारभाराला आपण ‘सुरक्षितता’ म्हणतो.

यात अडतो कोण? सर्किट बोर्डावरचा फ्लक्स पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल हवे असलेला विद्यार्थी. थ्रीडी प्रिंटरवर केलेली एबीएसची वस्तू ॲसिटोनच्या वाफेने गुळगुळीत करणारी मुलगी. जुन्या तिकिटांची जलचिन्हे तपासणारा संग्राहक, कारण 1865 सालच्या हिंदुस्थानी तिकिटांतले हत्तीचे डोके पेट्रोलियम बेंझिनचा थेंब टाकला की स्पष्ट दिसते. आणि शाळेतले विज्ञानाचे शिक्षक. पान स्पिरिटमध्ये उकळून त्याचा हिरवा रंग काढायचा आणि आयोडीन टाकून स्टार्च शोधायचा, हा प्रयोग आपण सगळ्यांनी केला किंवा निदान पाठ तरी केला आहे. स्पिरिट पेट घेते म्हणून ते थेट ज्योतीवर न ठेवता पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवायचे, हेही तिथेच शिकलो. धोका ओळखून वागायचे कसे, याचा तो पहिला धडा होता.

आता समोरच्या पक्षाचे म्हणणे ऐकू. ते पोकळ नाही. एक, हे द्रव भडकतात. दोन, ते गुन्हेगारांच्या हाती जातात. तीन, त्यांची वाफ शरीराला घातक असते. चार, हौशी माणसाचे त्यावाचून असे काय अडते?

पहिला मुद्दा आगीचा. ॲसिटोनची वाफ शून्याखाली वीस अंशांच्या आसपासही ठिणगीने पेट घेऊ शकते, हे खरे. पेट्रोलची वाफ त्याहूनही खाली, उणे चाळीसच्या आसपास पेट घेते. ते पेट्रोल पाच लिटर पोटात घेऊन प्रत्येक स्कूटर सोसायटीच्या जिन्याखाली उभी असते. स्वयंपाकघरात 14.2 किलो गॅसची टाकी असते. भडकणाऱ्या वस्तू घरात नकोत असा आपला नियम कधीच नव्हता. त्या ठरलेल्या भांड्यात, ठरलेल्या मापात, ठरलेल्या सूचनांसह हव्यात, एवढाच नियम होता. मग अर्धा लिटर ॲसिटोनला वेगळा न्याय कशासाठी?

दुसरा मुद्दा गुन्ह्याचा, आणि तो गंभीर आहे. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. शरीरात त्याचे फॉर्मिक ॲसिड होते; आधी दृष्टी जाते, मग जीव. तेव्हापासून ‘स्पिरिट’ शब्द उच्चारला की दुकानदार दचकतो, आणि त्याला दोष देता येत नाही. पण हातभट्टीचा धंदा अर्ध्या लिटरच्या लेबल लावलेल्या बाटल्यांवर चालत नाही. त्याला पिंपे लागतात, आणि पिंपे मिळतात ती कारखान्यांच्या पुरवठ्याला पाडलेल्या भोकातून. शिवाय लेटरहेडने अडतो कोण? ते कोणत्याही छापखान्यात तासाभरात छापून मिळते. गुन्हेगाराकडे ते हमखास असते. नसते ते आरामखुर्चीवाल्याकडे. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती हीच.

इथे कुणी युरोपकडे बोट दाखवील. अवश्य दाखवावे. स्फोटकांच्या कच्च्या मालाविषयीचा युरोपीय संघाचा कडक नियम 1 फेब्रुवारी 2021 पासून लागू आहे. त्यात तीव्र नायट्रिक आम्ल आणि तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड सामान्य ग्राहकापासून दूर ठेवले आहे. ॲसिटोन मात्र वेगळ्या यादीत आहे: विक्री चालू ठेवा, संशयास्पद खरेदी दिसली तर कळवा. बॉम्बस्फोट प्रत्यक्ष सोसलेल्या देशांनीही भडकणाऱ्या प्रत्येक द्रवाला एका पोत्यात भरले नाही.

तिसरा मुद्दा विषाचा. इथे मी हौशी मंडळींच्या विरोधात बोलणार आहे. पेंट काढायचे डायक्लोरोमिथेन दुकानांतून गेले म्हणून परदेशातले अनेक कारागीर हळहळतात. मला ती हळहळ पटत नाही. बंद न्हाणीघरात टबाचा रंग खरवडताना त्याच्या वाफेने माणसे मेली आहेत. शरीरात गेल्यावर त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेने 2019 मध्ये पेंट काढण्यासाठी ते घरगुती ग्राहकाला विकणे थांबवले, ते योग्यच केले. जलचिन्हांसाठी एके काळी वापरले जाणारे कार्बन टेट्राक्लोराइडही गेले. यकृताची आणि ओझोनच्या थराची हानी करणारी वस्तू जायलाच हवी होती. हौस म्हणजे सर्व रसायनांचा जन्मसिद्ध हक्क नव्हे.

पण विषाचा न्याय करायचा तर विष ओळखावे तरी लागेल. बेंझीन हा रक्ताचा कर्करोग घडवणारा पदार्थ. तिकीटवाल्यांचे पेट्रोलियम बेंझिन म्हणजे खनिज तेलातला एक हलका भाग. उच्चारात फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा, आणि त्यापायी दुसऱ्याला पहिल्याची शिक्षा होते. खऱ्या बेंझीनची भीती असेल तर हेही ध्यानात घ्या की भारत स्टेज सहाच्या पेट्रोलमध्ये ते एक टक्क्यापर्यंत चालते. आणि ॲसिटोन नाही म्हणून जो थिनर हाती दिला जातो, त्यात बहुधा टोल्युइन असते, ज्याची वाफ मज्जासंस्थेला ॲसिटोनहून कितीतरी घातक. कमी विषारी वस्तू अडवून जास्त विषारी वस्तू मोकळी सोडणे याला काळजी म्हणत नाहीत.

चौथा मुद्दा, काय अडते? याला उत्तर द्यायलाही संकोच वाटतो. बासरीवाचून, बागेवाचून, तिकिटांच्या वहीवाचून कुणाचेच अडत नाही. पण ज्या समाजात प्रयोगासाठी आधी कंपनी काढावी लागते, तिथे मुले फक्त प्रयोगाचे व्हिडिओ पाहतात.

खंडन इथे संपले. आता मागणी.

कायद्याला मात्रेचे भान नवे नाही. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याने झटकन पेटणाऱ्या वर्गातले पेट्रोलियम विक्रीसाठी नसेल तर योग्य भांड्यांत तीस लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगू दिले. काचेचे भांडे असेल तर ते लिटरभराहून मोठे नको, अशी अट घातली. तो कायदा करणाऱ्यांना बाटली आणि पिंप यांतला फरक कळत होता. जुलै 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडहल्ल्यांच्या खटल्यात दिलेला आदेशही तसाच विवेकी आहे. इतक्या भीषण गुन्ह्यानंतरही न्यायालयाने किरकोळ विक्री सरसकट बंद केली नाही. खरेदीदाराचे ओळखपत्र पाहा, नाव-पत्ता आणि कारण वहीत लिहा, अठरा वर्षांखाली देऊ नका, असे सांगितले.

द्रावकांनाही हाच मार्ग लावावा. डायक्लोरोमिथेन आणि बेंझीन घरगुती ग्राहकाला नकोच. मिथेनॉलही नको. ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, इथाइल ॲसिटेट आणि पेट्रोलियम बेंझिन एक लिटरपर्यंतच्या सीलबंद बाटलीत मिळावे, ओळखपत्र पाहून, वहीत नोंद करून. डिनेचर्ड स्पिरिट दारूबंदी कायद्याच्या परवान्यांखाली येते, तिथेच राहू दे. पण पॉलिशवाल्याला आणि शाळेला लिटरभर घेण्याची सोपी वाट त्याच चौकटीत काढावी. बाटलीवर मराठीत लिहावे की आत काय आहे, काय करू नये, डोळ्यांत गेले तर काय करावे. आणि सुटा थिनर पाण्याच्या बाटलीत भरून विकणे आधी बंद करावे. तहानलेले मूल ती बाटली तोंडाला लावते तेव्हा लेटरहेड कुणाच्याच कामी येत नाही.

वह्या कोण तपासणार, असे कुणी विचारील. ॲसिडच्या वह्या सगळीकडे नीट भरल्या जात नाहीत, हे मान्य. पण आज तर तपासण्यासारखे कागदावर काही उरतच नाही. वाईट लिहिलेली वही सुधारता येते, थिनरच्या सुट्या बाटलीचा माग निघत नाही.

हौशी मंडळींनीही आपला वाटा उचलावा. खिडकी उघडी ठेवा, देवघरातला दिवा विझला आहे ना ते पाहा, उरलेले मोरीत ओतू नका, आणि दुसऱ्याच्या ओळखपत्रावर खरेदी करू नका. आपल्यातल्या एकाचा निष्काळजीपणा शंभरांसाठी दार लावतो.

तो थिनर मी परत केला. त्यात लाख धड विरघळतही नाही. खुर्ची अजून पांढरटच आहे. रसायनवाल्या दुकानदारांना एवढेच सांगणे आहे: लेटरहेड मागू नका, नाव विचारा. माझे नाव, वय, पत्ता आणि खुर्चीचे कारण मी तुमच्या वहीत माझ्या अक्षरात लिहून द्यायला तयार आहे.