अंदाजानं रं!

रात्री नऊला ऑफिसातून येऊन स्वयंपाक? छे! म्हणून सोलापूरहून पुण्याला निघताना मी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये येसरचा डबा घेऊनच चढतो. गहू, हरभरा डाळ, धणे, मिरे असं सगळं खरपूस भाजून दळलेलं. फोडणीत काळं तिखट टाका, पाण्यात कालवलेलं येसर ओता, उकळी आली की आमटी तयार! पाकिटातले रेडी मिक्स आत्ताचे हो. आमच्याकडे लग्नघरात येसर कधीपासूनचं.

यंदा मात्र आजीचे हात थरथरायला लागलेत. प्रमाण विचारलं तर म्हणे, "अंदाजानं रं!" शेवटी वजनकाटाच आणला. तिनं मूठ टाकायची, मी वजन टिपायचं. धण्यांची मूठ दोनदा घेतली, दोन्ही वेळा आकडा वेगळा.

"आजी, खरी कुठली?"

"दुसरी. पयल्यांदा तुझी बडबड चालू हुती."