मासे दिसत नाहीत म्हणून लाकूड काढू नका

आमच्या रावेतच्या नव्या इमारतींत फिशटँक आता फर्निचरमध्ये मोडतो. हॉल आणि डायनिंगच्या मधल्या पार्टिशनमध्ये सहा फुटी काच, मागे निळा कागद, तळाला गुलाबी खडे आणि मधोमध बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा किल्ला. इंटिरियरवाला फोटो काढून मोकळा होतो. मासे त्यानंतर येतात.

माझी सारी नोकरी टूलरूममध्ये झाली, त्यामुळे वजन आणि आधार आधी बघायची खोड आहे. सहा बाय दोन बाय दोनची टाकी म्हणजे २४ घनफूट. नुसतं पाणीच ६८० किलोच्या आसपास भरतं. काच, दगड, स्टँड वेगळे. दगड कलंडून काच फुटली तर ते सगळं पाणी घरात; म्हणून मोठे दगड वाळूवर ठेवायचे नाहीत. आधी तळाच्या काचेवर फोमची शीट, तिच्यावर दगड, मग वाळू. सिक्लिड मासे वाळू उकरतात आणि वाळूवर टेकलेला दगड कधीतरी कलंडतोच.

सोसायटीतले लोक बोलावतात ते मात्र दुसऱ्याच तक्रारीसाठी. "काका, एवढे पैसे घातले आणि मासे दिसतच नाहीत. लाकडामागे बसतात. काढून टाकू का ते?"

अजिबात नको. पळून जायला जागा जवळ आहे हे ठाऊक असलं की मासा निर्धास्त बाहेर फिरतो. उघड्याबोडक्या टाकीत तो कोपरा धरतो, रंग उतरतो, खाणं टाकतो. लाकूड काढण्याऐवजी ते फिरवा. बहुतेक घरांत ओंडका काचेला समांतर, भिंतीसारखा आडवा टाकलेला असतो. तो एका बाजूला घ्या आणि फांद्या तिरक्या पुढे येऊ द्या. पुढची नि मधली जागा बार्ब-टेट्रा माशांना पोहायला मोकळी ठेवा. टाकीच्या या टोकाच्या दांडगट माशाला त्या टोकाचा मासा सरळ दिसता कामा नये. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

नवं लाकूड उकळून, पाणी बदलत भिजत घालावं. तरी काही आठवडे टाकीचं पाणी तपकिरी दिसतं आणि लाकडावर पांढरा बुळबुळीत थर चढतो. दोन्हींनी माशांचं काही बिघडत नाही. घाबरून सगळं पाणी उपसणं जास्त वाईट; त्यात आपल्याकडे २०१९पासून पाणी दिवसाआड, आणि टँकरने येणारं बोअरचं पाणी बहुधा जड.

दगडासाठी शोरूम गाठायची गरज नाही. ताकाशी अमानो या जपानी कलाकाराने २०१५ साली लिस्बनच्या मत्स्यालयात ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची टाकी मांडली, तीही ज्वालामुखीच्या दगडावर. आपला काळा पाषाण त्याच जातीचा. फक्त त्यातल्या पांढऱ्या खड्यांवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तो दगड पाणी जड करतो, टाकीत घालू नका.

पावसाळा सरला की काही हौशी मंडळी पवना नदीच्या काठावरची वाहून आलेली लाकडं उचलतात. दिसतात झकास, पण नदीत सांडपाणी मिसळतं आणि लाकूड ते पिऊन बसलेलं असतं. ते टाकीत नको.

आणि टाकीतलं नदीत तर मुळीच नको. 'काच साफ करतो' म्हणून बोटाएवढा सकर मासा विकत घेतला जातो. तो फूटभर होतो, लाकूड हलवतो, मग कुणीतरी पुण्य म्हणून बंधाऱ्यावर सोडून येतं. पवना मुळेला मिळते आणि ते पाणी पुढे भीमेतून उजनीला जातं. उजनीच्या जाळ्यांत हे सकर सापडलेले आहेत. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. भीमा ज्या कृष्णेला मिळते तिच्याच खोऱ्यातला, सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडाच्या फटीत राहणारा पट्टेरी झेब्रा लोच मात्र संकटग्रस्त माशांच्या यादीत आहे. सकर डोईजड झाला असेल तर दुकानदाराला विचारा; काहीजण परत घेतात. नाहीच घेतला, तर मोठी टाकी असलेला कुणीतरी गाठा.