एलियाची वाट

जामनेरच्या एका भगिनींच्या शेजारणीने, यहुद्यांच्या मान्य यादीबाहेरील ग्रंथांच्या आधारे जगाचा अंत समीप आल्याचे सांगितले. त्यावर कितपत विश्वास ठेवावा, असे त्या विचारतात.

ग्रंथ टाकाऊ नव्हेत. अलिबागजवळ खंडाळे गावी एलिया संदेष्ट्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे, अशी बेने इस्राएल मंडळींची श्रद्धा असून त्याच्या नावाने ती गोड पोह्यांचा मलिदा करतात. (पोह्यांना इतका दूरचा आप्त असेल, असे आम्हांस वाटले नव्हते!) परमेश्वराच्या भयंकर दिवसापूर्वी एलिया येऊन बापांची व मुलांची मने जुळवील, एवढेच मलाखीच्या ग्रंथात आहे. इसवी सनापूर्वी १८०च्या सुमारास बेन सिराने त्यात भर घातली : तो याकोबाचे वंश पुन्हा उभे करील. विखुरलेले गोत सावरण्याची आशा त्या भाकितास तेव्हाच जडली होती, हे येथे कळते. शतकानुशतके स्वजनांपासून दूर राहिलेल्या कोकणच्या मंडळींस हाच संदेष्टा इतका जवळचा का, तेही थोडे उमजते.

परंतु स्मृतीवरून श्रुतीचा अर्थ लावावा, श्रुतीच्या आसनावर स्मृतीस बसवू नये. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या, एज्राच्या नावावरील ग्रंथात दानीएलाच्या चौथ्या राज्याचा नवा अर्थ दिला आहे, आणि तो दानीएलास सांगितला नव्हता, हेही उघड म्हटले आहे. ते राज्य म्हणजे रोम. पश्चिमेकडील रोमची सत्ता इसवी सन ४७६मध्ये मोडली. अंत काही आला नाही.